द्रवचालित क्लच

मोटारगाडीच्या एंजिनाची परिभ्रमी गती दंतचक्र पेटीस पोहोचविणारे व चालकाच्या इच्छेनुसार ती तात्पुरती तोडणारे साधन म्हणजे क्लच होय. चालकाच्या पायाचा रेटा या साधनापर्यंत पोहोचविण्यासाठी लोखंडी दांड्या व तरफा किंवा पोलादी तार यांऐवजी नळीत कोंडलेल्या द्रवाचा उपयोग केला असेल, तर त्या क्लचला द्रवचालित क्लच म्हणतात. येथे द्रव केवळ रेटा वाहून नेतो. एंजिनाची शक्ती तो वाहून नेत नाही. ती शक्ती नेहमीप्रमाणे कोरड्या तबकड्यांच्या घर्षणानेच वाहून नेली जाते. हेर्मान फटिंगर यांनी १९०५ मध्ये एकस्व घेतलेल्या द्रवीय युग्मकात मात्र फिरणाऱ्या तेलातूनच शक्तीचे प्रेषण होते. ही दोन साधने नावाच्या साम्यामुळे एकच समजली जातात, पण त्यांचे तत्त्व, रचना व दोष अगदी निराळे आहेत. प्रस्तुत नोंदीत फक्त पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

तत्त्व व पूर्वपीठिका : कोंडलेल्या द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब त्याच्या सर्व भागांत सारखाच पसरतो, हे तत्त्व ब्लेझ पास्काल यांनी मांडले. त्यांचा यासंबंधीचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान दट्ट्यावर दिलेल्या थोड्या रेट्याने मोठ्या दट्ट्यावर मोठा रेटा मिळू शकतो, हे या तत्त्वावरून उघड होते. परंतु ते व्यवहारात आणण्यास आणखी सु. १३० वर्षे लागली. अडचण गणिताची नव्हती, गळतीची होती. दट्ट्या सिलिंडरात सहज सरकला पाहिजे व त्याच वेळी त्याच्या कडेने द्रवाचा थेंबही निसटता कामा नये, या दोन परस्परविरोधी मागण्या होत्या. दट्ट्याभोवती काथ्या किंवा चामडे घट्ट आवळले, तर गळती थांबे पण दट्ट्या अडकून बसे. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये आपल्या द्रवीय दाबयंत्राचे एकस्व घेतले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्ली यांच्या नावावर सामान्यतः नोंदले जाते. त्यांनी चामड्याचे कडे वाटीसारखे वाकवून तिची कड द्रवाच्या बाजूस केली. द्रवाचा दाब वाढला की तो वाटीची कड आतून फाकवून सिलिंडराच्या भिंतीवर दाबतो आणि दाब गेला की कड आपोआप सैल पडते. ज्या दाबामुळे गळती व्हावयाची त्याच दाबाकडून ती बंद करवून घेण्याची ही युक्ती आहे. मोटारगाडीच्या क्लच सिलिंडरात आज जी रबरी वाटी असते तिच्यात पदार्थ बदलला आहे, युक्ती तीच आहे. द्रवचालित क्लचचे बहुतेक सर्व दोष अखेरीस या वाटीपाशी येऊन थांबतात.

यांत्रिक जोडणीचा काळ : पहिल्या महायुद्धापूर्वीच्या बहुसंख्य गाड्यांत शंकूच्या आकाराचा क्लच असे. प्रचक्राच्या पोकळ शंकूत चामड्याने मढविलेला दुसरा शंकू स्प्रिंगच्या जोराने बसलेला असे. हे चामडे वाळले की क्लच एकदम धरी व गाडी हिसका देऊन सुटे. म्हणून त्यास अधूनमधून एरंडेल तेल पाजावे लागे. तेल जास्त झाले, तर क्लच घसरू लागे व मग त्यावर शोषक मातीची पूड टाकावी लागे. पुढे एकाच कोरड्या तबकडीचा क्लच प्रचारात आला व हर्बर्ट फ्रूड यांच्यासारख्या कारखानदारांनी तयार केलेल्या ॲस्बेस्टसयुक्त घर्षण अस्तरांमुळे तो टिकाऊ झाला. १९२०–३० या दशकात शंकू क्लच जवळजवळ मागे पडला.

या सर्व काळात पेडल व क्लच यांना जोडणाऱ्या दांड्यांबद्दल फारशी तक्रार नव्हती. एंजिन सांगाड्यावर बोल्टांनी पक्के बसविलेले असे, पेडल क्लचच्या अगदी शेजारी जमिनीतून वर आलेले असे आणि दोहोंमधील अंतर वीतभर असे. ही स्थिती दोन कारणांनी बदलली. पहिले कारण एंजिन रबरी आधारांवर बसविण्याची पद्धत हे होय. १९३१ मध्ये अमेरिकेत प्लिमथ गाडीत या पद्धतीचा मोठा गाजावाजा झाला. त्यामुळे एंजिनाची थरथर प्रवाशांपर्यंत पोहोचेनाशी झाली. पण एंजिन सांगाड्याच्या संदर्भात हलू लागल्यामुळे पेडलाची दांडीही त्याबरोबर हलू लागली. क्लच सोडताना एंजिन जरासे कलले की दांडी आपोआप ओढली जाई, क्लच पुन्हा थोडा सुटे, एंजिन परत सरळ होई आणि गाडी थरथरत पुढे जाई. दुसरे कारण पेडलांची जागा हे होय. १९५० च्या सुमारास पेडले जमिनीतून वर न येता वरून लोंबती बसविण्याची पद्धत आली. त्यामुळे गाडीच्या तळाची भोके नाहीशी झाली व चालकाच्या पायाशी येणारा गारठा आणि धूळ थांबली. परंतु पेडलाचे टोक आता क्लचपासून दूर, एंजिनमागील पत्र्याच्या भिंतीवर जाऊन बसले. तेथून दांड्यांनी क्लच गाठणे म्हणजे अनेक सांधे, अनेक तरफा व प्रत्येक सांध्याची झीज. लवचिक नळीतील द्रवाला यांपैकी कशाचेच सोयरसुतक नसते. चालकाचे आसन डावीकडे असो वा उजवीकडे, नळी हवी तशी वळविता येते. निर्यातीवर भर असलेल्या ब्रिटिश कारखानदारांना हा लाभ लहान नव्हता.

गतिरोधकांकडून क्लचकडे : द्रवाचा उपयोग गाडीत प्रथम झाला तो गतिरोधकांसाठी [⟶ गतिरोधक]. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये अमेरिकेत द्रवीय गतिरोधकाचे एकस्व मिळविले. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे गतिरोधक होते, पण ही गाडी मूठभर श्रीमंतांची होती. १९२४ मध्ये क्रायस्लर कंपनीने आपल्या मध्यम किंमतीच्या गाडीत ते बसविले आणि ते करताना चामडी वाट्या टाकून रबरी वाट्या घेतल्या. चामडे गळे, वाळे व आक्रसे. रबर सिलिंडराच्या भिंतीशी अधिक जवळीक राखी. द्रवीय प्रेषण सामान्य गाडीत टिकले ते या फरकामुळे, असे म्हणावयास हरकत नाही.

क्लचसाठी द्रव वापरण्याची गरज भासू लागली, तेव्हा ही सर्व सामग्री तयारच होती. ब्रिटनमध्ये १९५० च्या प्रदर्शनात मांडलेल्या फोर्ड कॉन्सल या साध्या कौटुंबिक गाडीत लोंबती पेडले व द्रवचालित क्लच एकत्र आले. त्या किंमतीच्या गाडीत ही गोष्ट तेव्हा नवलाची होती. १९५३ ची ट्रायंफ टीआर २, १९५५ ची एमजीए, १९५९ च्या मिनी व ट्रायंफ हेराल्ड अशा गाड्यांतून ती दहा वर्षांत नेहमीची झाली. टीआर २ मध्ये गतिरोधक व क्लच यांचे प्रमुख सिलिंडर एकाच ओतीव तुकड्यात शेजारी शेजारी कोरलेले होते. फ्रान्समध्ये १९५५ साली आलेल्या सीट्रॉएन डीएस या गाडीत यापुढची मजल मारली गेली. तिला क्लचचे पेडलच नव्हते. एंजिनाने चालविलेल्या पंपातील उच्च दाबाचा द्रव चालकाने गिअरचा दांडा हलविताच क्लच सोडवी व परत धरवी. सर्वांनीच मात्र हा मार्ग पतकरला नाही. फोक्सवॅगनची मागे एंजिन असलेली लोकप्रिय गाडी आणि सीट्रॉएनचीच स्वस्त २ सीव्ही यांत अखेरपर्यंत तारच होती. तार तुटली तर रस्त्यावर बदलता येते आणि तिला गळती नसते, हा त्यामागचा विचार स्वस्त गाडीपुरता बिनतोड होता.

रचना व मापे : पेडलाची दांडी प्रमुख सिलिंडरातील दट्ट्यास ढकलते. या सिलिंडराच्या डोक्यावर किंवा जवळपास द्रवाची लहान टाकी असते. तेथून निघालेली धातूची नळी व तिच्या टोकाची लवचिक रबरी नळी क्लचच्या आवरणाजवळील चालित सिलिंडरापर्यंत जाते. कारखान्यातील भाषेत यालाच स्लेव्ह सिलिंडर म्हणतात. त्याचा दट्ट्या दुबेळक्याच्या बाहेर आलेल्या टोकाला ढकलतो आणि दुबेळक्याच्या दुसऱ्या टोकावरील धारवा क्लचच्या स्प्रिंगांना दाबून तबकडी मोकळी करतो. १९३८ मध्ये शेव्हरोले गाडीत वापरण्यात आलेली व पुढे सर्वत्र पसरलेली बशीसारखी एकसंध पडदा-स्प्रिंग असेल, तर हाच रेटा तिच्या मध्यावर येतो.

मापांचे एक उदाहरण घेतले म्हणजे या यंत्रणेची नाजूक बाजू ध्यानात येते. प्रमुख सिलिंडराचा व्यास पाऊण इंच म्हणजे १९·०५ मिमी. व चालित सिलिंडराचा एक इंच म्हणजे २५·४ मिमी. आहे, असे मानू. त्यांची क्षेत्रफळे अनुक्रमे सु. २·८५ व ५·०७ चौ. सेंमी. होतात. पेडलाच्या तरफेचे गुणोत्तर ५ असून चालकाने १२ किग्रॅ. रेटा दिला, तर दट्ट्यावर ६० किग्रॅ., द्रवात दर चौ. सेंमी.स सु. २१ किग्रॅ. आणि दुबेळक्यावर सु. १०७ किग्रॅ. रेटा मिळतो. दट्ट्या ३० मिमी. सरकला, तर सु. ८·५ घ. सेंमी. द्रव हलतो, म्हणजे दोन चहाच्या चमच्यांपेक्षाही कमी. त्यामुळे चालित दट्ट्या सु. १७ मिमी. पुढे येतो. यांतील १ घ. सेंमी. द्रव कोठे निसटला किंवा तेवढी हवा नळीत राहिली, तर चालित दट्ट्याची चाल सु. २ मिमी.ने कमी होते, कारण २० पट दाबाखाली हवेचा बुडबुडा जवळजवळ नाहीसाच होतो. क्लच पूर्ण सुटण्यास लागणाऱ्या चालीत फार थोडी सूट ठेवलेली असते. म्हणून गतिरोधकात जी हवा पेडल फक्त मऊ करते, तीच क्लचमध्ये गिअर बदलणे अशक्य करू शकते.

प्रमुख सिलिंडरात वाटीच्या किंचित पुढे टाकीकडे उघडणारे एक सूक्ष्म छिद्र असते. पेडल मोकळे असताना एंजिनाच्या उष्णतेने फुगलेला द्रव त्यातून टाकीत परत जातो व कमी पडलेला द्रव खाली येतो. पेडल दाबताच वाटी छिद्रावरून सरकून ते बंद करते. काही बनावटींत छिद्राऐवजी दट्ट्याच्या टोकाशी झडप असते. हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण पुढे येणारा एक चकविणारा दोष त्यातूनच उद्भवतो.

द्रवाची निवड : सुरुवातीचा द्रव एरंडेल तेल व अल्कोहॉल यांच्या मिश्रणाचा होता. खनिज तेल स्वस्त व मुबलक असूनही ते वापरता येत नव्हते, कारण नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगते व लिबलिबीत होते. एरंडेलात तसे होत नाही. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात अग्रेसर असून त्यातील मोठा वाटा गुजरातचा आहे. एरंडेल थंडीत घट्ट होते आणि त्यास पातळ करणारे अल्कोहॉल उष्णतेने उडून जाते, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लायकॉल ईथर वर्गातील द्रव प्रचारात आले. ते रबराला मानवतात व उच्च तापमानाला उकळतात, परंतु हवेतील बाष्प शोषतात. अमेरिकी मानकानुसार डॉट ३ वर्गाच्या कोरड्या द्रवाचा उकळबिंदू किमान २०५° से. व बाष्प शोषलेल्याचा १४०° से., तर डॉट ४ वर्गासाठी हे आकडे अनुक्रमे २३०° व १५५° से. असावे लागतात. क्लचमध्ये द्रव उकळण्याचा प्रसंग विरळा. तेथे शोषलेले पाणी निराळ्या रीतीने नुकसान करते. ते बिडाच्या सिलिंडरात तळाशी साचते व आतील गुळगुळीत भिंतीवर गंजाचे बारीक खड्डे पाडते. वाटी त्या खड्ड्यांवरून रोज सरकते आणि तिची कड काही महिन्यांत फाटते. कोकणासारख्या दमट हवेत, त्यातही पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हा दोष लवकर दिसतो. रोज धावणारी गाडी या बाबतीत अधिक सुरक्षित असते.

द्रव बदलला की वाट्याही बदलाव्या लागतात, याचे ठळक उदाहरण सीट्रॉएन डीएस या गाडीचे आहे. तिच्या पहिल्या पिढीतील तांबडा द्रव बाष्प शोषून भाग गंजवीत असे. कंपनीने १९६६ मध्ये तो सोडून हिरव्या रंगाचे खनिज तेल स्वीकारले आणि त्याबरोबर यंत्रणेतील सर्व रबरी भागांचा पदार्थ बदलला. चूक होऊ नये म्हणून नव्या यंत्रणेचे भागही हिरव्या रंगाने रंगविले. तांबड्या यंत्रणेत हिरवा किंवा हिरवीत तांबडा द्रव गेला, तर सर्व वाट्या निकामी होतात. आपल्याकडील गॅरेजांत गतिरोधकाच्या व क्लचच्या द्रवास सरसकट ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. हे नाव दुर्दैवी आहे. त्यातील ‘ऑइल’ या शब्दावर विसंबून टाकीत एंजिनाचे तेल ओतल्याने अनेक यंत्रणा निकामी झाल्या आहेत. असे तेल एकदा गेले की नुसते काढून भागत नाही. प्रत्येक वाटी व लवचिक नळी बदलावी लागते. टाकी गतिरोधकांशी सामाईक असेल, तर गतिरोधकांचेही तेच होते आणि मग प्रश्न गाडीचा न राहता प्रवाशांच्या जिवाचा होतो.

दोषशोधन : क्लच सुटत नसल्याची पहिली खूण बहुधा मागील गतीचा गिअर टाकताना होणारी खरखर ही असते. या खुणेवरून लगेच गिअर पेटी उतरविणे ही अननुभवी कारागिराची चूक आहे. दोष पेटीच्या आत आहे की बाहेर, हे ठरविण्यास गाडीखाली पाच मिनिटे पुरतात. एकाने पेडल पूर्ण दाबावे व दुसऱ्याने चालित सिलिंडराची दांडी किती पुढे येते ते पाहावे. दांडी नियोजित चाल पूर्ण करीत असूनही क्लच सुटत नसेल, तर द्रवाकडे दोष नाही. दुबेळके वाकलेले आहे, धारवा झिजला आहे, अथवा बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीची तबकडी गंजाने प्रचक्राला चिकटली आहे, यांपैकी काही तरी असणार. चाल अपुरी असेल तर मात्र द्रव कोठे जातो, एवढाच प्रश्न उरतो.

टाकीतील पातळी खाली जात असेल, तर गळती बाहेर होत आहे. चालित सिलिंडराच्या टोकावरील धूळरक्षक रबरी बूट उचलून पाहावे; ते आतून ओले असेल, तर तेथील वाटी गेली आहे. प्रमुख सिलिंडराची गळती याहून लपून राहते. तेथील द्रव पेडलाच्या दांडीवरून चालककक्षात उतरतो व पायाखालच्या गालिच्यात मुरतो. कित्येकदा पेडलामागील रंग सोलवटलेला दिसतो तेव्हाच ती उमगते, कारण ग्लायकॉलयुक्त द्रव रंग उतरवितो. पातळी कायम असून पेडल दाबून धरले असता ते हळूहळू तळाशी जात असेल, तर प्रमुख सिलिंडराची वाटी आतल्या आत द्रव मागे सोडीत आहे. हा दोष बाहेरून अदृश्य असल्याने पुष्कळ वेळा विनाकारण चालित सिलिंडर बदलला जातो. पेडल एकदा दाबल्यास क्लच सुटत नाही, पण भराभर दोनतीनदा दाबल्यास सुटतो, अशी स्थिती असेल तर नळीत हवा आहे. जुनी लवचिक नळी दाबाखाली फुगत असल्यासही पेडल मऊ लागते. ती बोटांत धरून पेडल दाबविले की फुगवटा जाणवतो.

याच्या उलट क्लच घसरत असेल, तर सर्वजण घर्षण तबकडी झिजली असे धरून चालतात. ते नेहमीच खरे नसते. पेडलाची दांडी वाजवीपेक्षा लांब बसविली असेल किंवा चुकीच्या तेलाने वाटी फुगली असेल, तर वर सांगितलेले सूक्ष्म छिद्र बंदच राहते. एंजिन तापले की कोंडलेला द्रव फुगतो, त्याला परत जाण्यास वाट नसते व तो चालकाचा पाय पेडलावर नसतानाही क्लच अर्धवट दाबून धरतो. थंड गाडी नीट चालते व काही किलोमीटरांनंतर घसरू लागते, ही याची विशेष खूण आहे. चालित सिलिंडरावरील हवा काढण्याचा स्क्रू क्षणभर सैल करावा. द्रवाची पिचकारी उडून क्लच पुन्हा पकडू लागला, तर तबकडी निर्दोष आहे आणि हजारो रुपयांचे काम दांडीच्या एका नटावर येऊन थांबते.

दुरुस्ती : सिलिंडर काढून उघडल्यावर तो फक्त स्वच्छ ताज्या द्रवाने किंवा मेथिलेटेड स्पिरिटने धुवावा. पेट्रोल व घासलेट यांचा अंशही रबराला घातक असतो. धुतल्यावर आतील भिंत उजेडात धरून पाहावी. भिंत आरशासारखी असेल, तर बाजारात किट म्हणून मिळणाऱ्या संचातील नव्या वाट्या, बूट व स्प्रिंग घालून सिलिंडर पुन्हा वापरता येतो. पुसट ओरखडे बारीक घासणीने काढता येतात. नखाला लागेल असा खड्डा असेल, तर सिलिंडर टाकून द्यावा अथवा त्यात पितळी किंवा गंजरोधी पोलादाचे अस्तर बसवून घ्यावे. खड्डा घासून काढण्याच्या नादात व्यास वाढतो व नवी वाटी सैल पडते. वाटी द्रवात बुडवून, तिची कड द्रवाच्या बाजूस ठेवून, हातानेच बसवावी. पेचकसाच्या टोकाने लोटलेली वाटी बसविता क्षणीच फाटलेली असते. दांडी व दट्ट्या यांच्यात सु. १ मिमी. मोकळीक ठेवावी.

शेवटचे काम हवा काढण्याचे. चालित सिलिंडरावरील स्क्रूला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक द्रवाच्या बरणीत बुडवितात. मदतनीस पेडल दाबतो तेव्हा स्क्रू सैल करावयाचा व पेडल तळाशी पोहोचताच, ते सोडण्यापूर्वी, घट्ट करावयाचा. टाकी मध्येच रिकामी होऊ दिली, तर सर्व कष्ट वाया जातात. काही गाड्यांत सिलिंडर असा तिरका बसतो की स्क्रू सर्वांत उंच जागी राहत नाही व कितीही वेळा पेडल मारले तरी हवेचा शेवटचा बुडबुडा निघत नाही. अशा वेळी जुने कारागीर सिलिंडर आवरणावरून सोडवून स्क्रूचे तोंड वर करतात आणि दट्ट्या हाताने हळूहळू आत दाबतात. बुडबुडा नळीतून वर चढून टाकीत फुटतो. बरणीत जमलेला द्रव पुन्हा टाकीत ओतण्याची काटकसर मात्र कोणीही करू नये.

भारतातील स्थिती : उत्तरपाडा येथे १९५७ नंतर तयार होऊ लागलेली अँबॅसडर व मद्रास येथे १९६१ पासून तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेराल्ड या दोन गाड्यांमुळे द्रवचालित क्लच भारतीय कारागिरांच्या रोजच्या परिचयाचा झाला. त्याआधी जीपगाड्यांच्या दांड्या व तारा हाताळलेल्या कारागिरांना हे काम नवे होते. हेराल्डची गिअर पेटी गाडीखालून नव्हे, तर चालककक्षातील आच्छादन काढून आतून बाहेर काढावी लागते, हेही त्यांना शिकावे लागले. सुटे भाग आयात करणे परवान्यांच्या काळात जिकिरीचे होते. गर्लिंग या ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने १९६२ मध्ये मद्रासजवळ पाडी येथे ब्रेक्स इंडिया ही कंपनी निघाली आणि सिलिंडर व वाट्या देशात होऊ लागल्या. तरीही नवा सिलिंडर घेण्यापेक्षा जुना उघडून त्यात किट घालणे हीच रीत राहिली. मुंबईत कुर्ला व पुण्यात नाना पेठ येथील सुट्या भागांच्या बाजारांत असे संच सुटे मिळत. दिसण्यात हुबेहूब पण निकृष्ट रबराच्या वाट्यांची विक्री ही या बाजाराची काळी बाजू होय. तेलात न टिकणारे किंवा कड असमान कापलेले रबर बसविताना ओळखू येत नाही. काही आठवड्यांनी तेच काम पुन्हा करावे लागते व दोष कारागिराच्या माथी येतो. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० या गाडीत तार होती व नव्या पिढीतील अनेक कारागिरांचा द्रवचालित क्लचशी संबंध काही काळ कमी झाला. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले.

नंतरचे बदल : चालित सिलिंडर बाहेर ठेवून दुबेळक्यामार्फत धारवा ढकलण्याऐवजी, सिलिंडरच कंकणाकृती करून गिअर पेटीच्या दंडाभोवती बसविण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस पसरली. दुबेळके, त्याचा आधार व त्यांची झीज यांतून सुटका झाली, धारवा सरळ रेषेत सरकू लागला व पेडल हलके झाले. १९७८ मध्ये आलेल्या साब ९०० या गाडीत असा सिलिंडर होता. पण तिचे एंजिन उलटे बसविलेले असून क्लच पुढच्या बाजूस येई, त्यामुळे पेटी न उतरविता सिलिंडर, धारवा व तबकडी सर्व काही वरूनच काढता येई. ज्या गाड्यांनी सिलिंडराची जागा तेवढी उचलली व क्लचची ही मांडणी उचलली नाही, त्यांच्या मालकांना याची किंमत मोजावी लागते. पूर्वी वाटीची गळती दोन बोल्ट काढून अर्ध्या तासात दूर होई. आता त्याच गळतीसाठी पूर्ण गिअर पेटी उतरवावी लागते. कंकणाकृती सिलिंडर पुष्कळदा प्लॅस्टिकचा असून त्यात वाट्या बदलण्याची सोय नसते. शिवाय गळालेला द्रव घर्षण तबकडीवर पडण्याची भीती असते. म्हणून तबकडी बदलताना वरवर निर्दोष दिसणारा असा सिलिंडरही बदलून टाकणे हिशेबाने योग्य ठरते. दोष शोधण्याची रीतही यामुळे पालटली. दांडीची चाल आता डोळ्यांनी पाहता येत नाही. पेडलाचे वागणे, टाकीची पातळी व क्लचच्या आवरणाच्या तळाशी दिसणारा ओलावा यांवरून अनुमान करावे लागते. तो ओलावा एंजिनाच्या तेलाचा की द्रवाचा, हे बोटांवर चोळून ओळखता येते. तेल पाण्याने जात नाही, ग्लायकॉलयुक्त द्रव धुतला जातो.

गिअर पेटी उतरविण्याचे प्रसंग वाढल्याने आणखी एका धोक्याकडे लक्ष द्यावे लागते. क्लचच्या आवरणात जमलेली काळी भुकटी हवेच्या झोताने उडविण्याची सवय गॅरेजांत सर्वत्र होती. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टस असल्याने ती भुकटी श्वासाबरोबर फुप्फुसांत जाऊन वर्षानुवर्षांनी कर्करोगास कारण होऊ शकते. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये ॲस्बेस्टसच्या वापरावर बंदी आली. परंतु जुन्या गाड्यांत व जुन्या साठ्यातील तबकड्यांत ते असू शकते. अशी भुकटी ओल्या फडक्याने पुसून घेतात, झोताने उडवीत नाहीत.

गतिरोधक व क्लच यांची टाकी सामाईक ठेवण्याची प्रथा अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत आहे. तीत क्लचकडे जाणाऱ्या नळीचे तोंड टाकीच्या तळाशी न ठेवता काहीसे वर ठेवलेले असते. क्लचच्या गळतीने पातळी त्या तोंडापर्यंत उतरली की क्लच निकामी होतो. खाली उरलेला द्रव गतिरोधकांसाठी शिल्लक राहतो.